सहदेवच्या हातचा दोर

सहदेवनं आयुष्यात दोनच कामं मन लावून केली: वांगी लावली आणि भगवंताचा दोर धरला. बाकी सगळ्या बाबतीत तो आळशी, विसराळू आणि तोंडानं फटकळ म्हणून पातूरच्या आसपास नावाजलेला होता. बाजाराला निघाला की तराजू घरी विसरायचा आणि वर गिऱ्हाइकालाच चार शब्द ऐकवायचा. पण दोर हातात आला की हा गडी निराळाच व्हायचा. मग तंबाखू नाही, गप्पा नाहीत, कुणी हाक मारली तर मान वळवणंसुद्धा नाही.

भगवंत हा त्याच्या थोरल्या बहिणीचा, माणिकबाईचा नवरा. दोघांचे मळे लागून होते. भगवंत भाजीपाला पिकवायचा खरा, पण उन्हाळा आला की त्याला विहिरींवरून बोलावणी यायची. कुणाची बादली पडलेली असायची, कुणाचं मोटेचं चाक निसटलेलं असायचं, आणि कधी कधी पोलीस बोलवायचे तेव्हा माणूस काढायचा असायचा. त्या दिवशी दोघंही जेवत नसत.

त्यांच्या घरात एक रीत होती. पाण्यात उतरणाऱ्याचा दोर त्याच्या साळ्यानंच धरायचा. सख्ख्या भावाला हे काम द्यायचं नाही, कारण भावाभावांत बांधाची भांडणं असतात. साळा कितीही रुसलेला असला तरी बहिणीचं कुंकू काही आपल्या हातानं पुसणार नाही. लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात भगवंतानं दोराचं टोक सहदेवच्या हाती दिलं, तेव्हा सहदेवला मिसरूडही धड फुटलं नव्हतं. तेव्हापासून तो दोर दुसऱ्या कुणी धरला नाही.

बासष्टच्या पावसाळ्यात गावाजवळच्या तलावात पुराबरोबर एक मोठं खोड वाहून आलं आणि पाणी सोडायच्या मोरीच्या लोखंडी झडपेखाली जाऊन अडकलं. झडप पुरती बसेना. पाणी फटीतून तलावाच्या बांधाखालच्या बोगद्यात जायचं, पलीकडे निघायचं आणि पाटाला लागायचं. पुढच्या उन्हाळ्यात एका कंत्राटदारानं ते खोड कापायचं काम घेतलं आणि मुंबईच्या गोदीत उमेदवारी केलेला ओमप्रकाश नावाचा माणूस आणला. त्याच्यासोबत पितळेचा टोप, रबरी पोशाख, शिशाच्या तळाचे बूट आणि हातानं चालवायचा हवेचा पंप आला. पाण्यात उतरायला मात्र त्यानं भगवंताला निवडलं आणि पंधरवडाभर काठावरच्या पाण्यात शिकवलं. ओमप्रकाशनं गोदीत माणसं मरताना पाहिली होती, त्यामुळे त्याला थट्टा अजिबात सोसत नसे.

त्याचं पहिलंच म्हणणं होतं की बांधाच्या पलीकडे, जिथून पाणी पाटात पडतं, ते तोंड आधी मातीच्या पोत्यांनी बांधून काढा. बोगदा पाण्यानं भरला की दोन्ही बाजूंचं पाणी सारखं होईल आणि फटीतली ओढ थांबेल. मगच माणूस खाली जाईल.

"अन् आमचे वांगे?" सहदेव उसळला. "थेच गयतं पानी तं पाटानं आमच्या वावरात येऊन राहिलं! तोंड बांधलं तं सारं वाळते. तुमाले काय, तुमी उद्या मुंबईले जासान."

"भाई, दो-तीन दिन की बात है."

"मे महिना हाये बाप्पा! दोन-तीन दिवस म्हंजे झाडाचं सरन झालं."

भगवंत हसला. विहिरीतले झरे आपण छातीवर घेतले आहेत, ही तर नुसती फट आहे, असं त्याचं म्हणणं पडलं. विहिरीचा झरा माणसाला बाहेर ढकलतो आणि हे पाणी आत ओढतं, हा फरक दोघांच्याही डोक्यात शिरला नाही, कारण ओढणारं पाणी त्यांनी जन्मात पाहिलंच नव्हतं. कंत्राटदारालाही घाई झालेली होती. ओमप्रकाशनं दोन दिवस वाद घातला आणि तिसऱ्या दिवशी मान तुकवली. ही गोष्ट सांगताना मला त्याचाही राग येतो. ज्याला कळत होतं त्यानं तरी हटायला नको होतं.

पिंपांच्या तराफ्यावर पंप ठेवला होता. दोन गडी आळीपाळीनं दांडा खालीवर करत होते. सहदेव कडेला पाय रोवून बसला होता. खाली चार पुरुष खोल पाण्यात भगवंत खोड कापत होता आणि करवतीची प्रत्येक फेरी सहदेवला दोरातून कळत होती. मग फेरी थांबली. दोराला हिसका बसला आणि तो ताठ होऊन थरथरायला लागला.

विहिरीवर याचा एकच अर्थ असतो. दोर ताठ झाला की विचारत बसायचं नाही, ओढायचं. ओमप्रकाशनं त्याला बजावलं होतं की इथं आधी खुणेनं विचारायचं. पण हातांची सवय सहदेवच्या डोक्यापुढे धावली. "ओढा रे!" म्हणून तो ओरडला आणि जवळच्या गड्याला घेऊन त्यानं सगळं बळ लावलं.

"मत खींच!" ओमप्रकाशनं त्याच्या मनगटांवर सरळ लाथ मारली.

भगवंताचा नुसता बूट फटीत गेला होता. दोन्ही हातांनी खोड कवटाळून तो पाय हळूहळू बाहेर काढत होता. वरच्या ओढीनं त्याची मिठी सुटली आणि पाय मांडीपर्यंत आत खेचला गेला. हे सारं नंतर कळलं. त्या वेळी दोर एकदाच वेडावाकडा हलला.

पंप चालू होता तोवर भगवंताला श्वास होता. पण पाण्याची ओढ थांबल्याशिवाय तो सुटणार नव्हता, आणि ओढ थांबवायला पलीकडचं तोंड बांधायलाच हवं होतं. जे काम आधी सावकाश, सावलीत बसून करता आलं असतं, ते आता ऊर फुटेस्तोवर धावत करायचं होतं. पाटकरी पुंजाराम बोंबलत मळ्यांतून पळाला. माणसं पोती, खाटा, दाराच्या फळ्या, जे हाती लागेल ते घेऊन आली. पोत्यांच्या फटींतून पाणी निसटतच होतं. तेव्हा सहदेवची बायको शालू आपल्या वावरात शिरली आणि वांग्यांनी लगडलेली झाडं मातीच्या ढेकळांसकट उपटून त्या फटींत कोंबायला लागली. तिच्यामागून बाकीच्या बायाही आपापल्या वावरात शिरल्या.

सहदेवला यातलं काहीच दिसत नव्हतं. त्याला एवढंच सांगितलं होतं की दोर नुसता हातात ठेव, ओढू नकोस. हे त्याला जमत नव्हतं. भगवंत मधून मधून खालून एक बारीक टिचकी द्यायचा, जिवंत आहे म्हणून, आणि ती आली की सहदेवचे खांदे आपोआप मागे जायचे.

माणिकबाई तराफ्यावर आली ती शेतातल्या चिखलासकट. तिला सगळं कळलं होतं. ती रडली नाही, भावाच्या पाठीशी बसली आणि मागून हात घालून तिनं त्याची दोन्ही मनगटं धरली.

"ओढजो नोको," ती म्हणाली.

"बाई, मले राहवत नाई. थो खाली एकटा हाये."

"मले मालूम हाये थो खाली हाये. तू ओढजो नोको."

पंपावरची माणसं बदलली, पुन्हा बदलली. कुणीतरी त्यांच्या डोक्यावर ओले टॉवेल टाकले. टिचक्या लांबत गेल्या. एक आली, मग बऱ्याच वेळानं एक, आणि मग आलीच नाही. सहदेव देवाला शिव्या देत होता, ओमप्रकाशला देत होता, सगळ्यात जास्त स्वतःला देत होता. माणिकबाईची नखं त्याच्या मनगटात रुतली होती आणि दोघांनाही त्याचं भान नव्हतं.

पलीकडून पुंजारामची आरोळी आली. पाट कोरडा पडला होता. आता बोगदा भरेपर्यंत थांबायचं होतं, आणि ते थांबणं सगळ्यात वाईट होतं. मग कधीतरी दोर सैल पडला, आणि ओमप्रकाश हलकेच म्हणाला, "अब खींच. धीरे."

टोप काढला तेव्हा भगवंताचे ओठ काळेनिळे होते, पण छाती हलत होती. पायाकडे कुणी पाहिलं नाही. कंत्राटदाराच्या ट्रकमधून त्याला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं आणि मांडीपासून पाय कापावा लागला. त्यानंतर ताप चढला. ताप उतरला तर माणूस हाती लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

सहदेव आत गेलाच नाही. फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली तो पडून राहायचा. वांग्यांसाठी पाणी मागितलं ते मी, दोर ओढला तोही मीच, आता कोणतं तोंड घेऊन आत जाऊ, असं तो भेटेल त्याला सांगायचा. माणिकबाई त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. जाता-येता त्याच्यावरून पुढे जायची, आणि ते बरोबरच आहे असं त्यालाही वाटायचं.

एका सकाळी ती बाहेर आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. जागरणानं तिचे डोळे सुजले होते.

"त्याईले अजून पान्यातच असल्यासारखं वाटून राहिलं," ती म्हणाली. "रातभर एकच इचारत होते, दोर कोनाजोळ हाये, दोर कोनाजोळ हाये. मी म्हनलं, मायाजोळ हाये, तं ऐकेनात. डाक्टरनं सांगतलं तरी ऐकेनात. नुसती धडपड."

सहदेवनं मान वर केली.

"मंग मी म्हनलं, सहादेवजोळ हाये. तवा कुठी डोये मिटले." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता जागे झाले का पुन्हा इचारतीन. ऊठ. आत येऊन बस. मले खोटी पाडू नोको."