कुसुमबाईंनी निवडलेली खुर्ची

कुसुमबाईंना स्वतःच्या घरात खुर्चीवर बसलेलं गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. बँकेत त्या बसायच्या, दवाखान्यात बसायच्या, एकदा नगरपालिकेच्या कुठल्याशा सभेत पहिल्या रांगेत बसून चक्क पेंगल्या होत्या, त्याला साक्षीदार आहेत. पण घरात नाही. सासऱ्यासमोर सुनेनं खुर्ची-खाटेवर बसायचं नसतं, आणि सासरे सुकलालआबा समोर नाहीत असा दिवस त्या घरात उगवतच नव्हता. म्हातारा कुठं जाईल तर शपथ! ना लग्नाला, ना यात्रेला. इच्छापूरच्या देवीलासुद्धा पुढंपुढं घरूनच हात जोडायचा. सकाळी ओसरीवरच्या खुर्चीत बसला की रात्री खाटेवर जायलाच उठायचा.

खुर्ची मात्र बघण्यासारखी होती. सागवानी, वेताच्या विणीची, आणि हात एवढे रुंद की एकावर चहाची बशी अन् दुसऱ्यावर तंबाखूचा डबा बिनघोर राहावा. आबा सांगायचे, ही कुण्या गोऱ्या कलेक्टरची. शेजारची रजनी सांगायची, कलेक्टर कसला न् काय, बंद पडलेल्या जिनिंगच्या मुनिमाची आहे, लिलावात उचलली. काही असो, तिच्यात आबांशिवाय कुणी बसायचं नाही. दोन्ही मुलगेसुद्धा नाहीत. आबा अंघोळीला गेले की कुसुमबाईंनी ती पुसायची, हा लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासूनचा नेम. हात, पाठ, पाय, सगळं ओल्या फडक्यानं. उजव्या हाताच्या खालच्या अंगाला आबा चुन्याचं बोट पुसायचे, तो चुना नखानं खरवडायचा. रजनी म्हणायची, "कुसुम, तुझा हात नवऱ्यावरून फिरला नसंल तेवढा त्या लाकडावरून फिरला." रजनी आणखीही पुष्कळ म्हणायची, ते सगळं लिहिण्यासारखं नाही.

पन्नाशी उलटली आणि कुसुमबाईंचे गुडघे गेले. भाजी निवडणं खाली, जेवण खाली, टीव्ही बघणं खाली. बसताना पाटाचा आधार, उठताना भिंतीचा, आणि दोन्ही वेळा तोंडातून "आई गं." डॉक्टरनं फोटो काढून पाहिले आणि सांगितलं, "बाई, खाली बसणं बंद. रुंद हातांची खुर्ची घ्या, हातांवर जोर देऊन उठता आलं पाहिजे." नवरा भूपेंद्र बरोबर होता. परतताना रिक्षात म्हणाला, "आबा हायेत तोवर कसं करायचं?"

म्हणजे औषध काय, तर सासऱ्याचं मरण! असं कोणी तोंडानं बोलत नाही. पण एखाद्या दुपारी, भिंत धरून उठताना, कुसुमबाईंच्या मनात ते येऊन जायचं, आणि मग त्या दिवशी आबांच्या वरणात तूप जरा जास्त पडायचं.

आबा गेले ते पिकल्या वयात, खुर्चीतच बसल्या बसल्या. बाराव्याला शय्यादान ठरलं. पलंग, गादी, छत्री, वहाणा, भांडी, गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर लागेल ते सगळं महाराजांना द्यायचं, आणि दिलेली वस्तू पुन्हा उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. थोरले दीर शंकरभाऊ शाहपूरहून आलेले. केळीचे मोठे बागायतदार, आवाजही तसाच. त्यांनी सामानावरून नजर फिरवली. "खुर्ची? आबांना तिकडं काय सतरंजीवर बसवता?"

तेव्हा दाराआडून कुसुमबाई बोलून गेल्या, "खुर्ची राहू द्या ना."

सगळ्या बायका वळल्या. कुसुमबाईंनी घाईनं जोडलं, "आबांची आठवण म्हणून." पण जोड दिलेली दिसत होती. शंकरभाऊ भावजयीशी थेट बोलत नसत, ते भावालाच म्हणाले, "भूपा, घरात कोणाला बसायची घाई झाली का रे?" पाचसहा जणी पदरात हसल्या, आणि खुर्ची हातगाडीवर चढली.

वर्ष सरलं. दिवाळीनंतर मुलगा रितेश आणि सून भूमिका इंदूरहून आले. पुढच्या दोन खोल्या पाडून हॉल झाला होता, नवी फरशी, नवा रंग. भूमिका इंदूरची, सासऱ्यासमोर सोफ्यावर मांडी घालून मोबाईल बघणारी. भूपेंद्रला त्याचं काही वाटत नसे. जुनी सून फरशीवर, नवी सोफ्यावर, आणि मधे बसून तो निवांत चहा प्यायचा.

"मम्मी, नया फर्निचर नको," भूमिका म्हणाली. "विंटेज खुर्च्या घेऊ. आजकल सब वही ढूंढते हैं. दोन हॉलला, आणि एक फक्त तुमची. तुम्हीच निवडायची."

फक्त तुमची! कुसुमबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. तो म्हणाला, "घे बाई. आता कोण बघायला बसलंय."

मुस्तफाभाईंचं जुन्या सामानाचं दुकान लूमच्या गल्लीत. दोन्ही बाजूंना पावरलूम, बोलायचं तर तोंड कानाशी न्यायचं. आत खुर्च्यांवर खुर्च्या रचलेल्या. भूमिकानं कामाला सुरुवात केली. एकेक खुर्ची उलटी करून जोड हलवले, खिळे ठोकलेत की खुंट्या बसवल्यात ते पाहिलं, पायांतून पिठासारखी पूड गळते का ते टिचकी मारून बघितलं. वेतावर तळहात दाबून झोल मोजला. "फोटोत सगळ्याच सुंदर दिसतात, मम्मी. बसल्यावर पाठीला कळतं. तुम्ही बसून बघा."

"हां भाभी, बैठ के देखो," मुस्तफाभाई ओरडले. "कुर्सी बैठने से समझती है!"

आता इथंच घोळ झाला. दुकानाच्या ओट्यावर लूमचे चार कामगार चहा पीत होते. बाजूला नवरा उभा. बाईनं चारचौघांत एकेका खुर्चीत बसून उठायचं, आणि उठताना "आई गं" करायचं? कुसुमबाईंनी पदर ओढला. "नको, मला हातानं कळतं."

"हात काय फिरवतेस? म्हैस घेतेस का?" भूपेंद्र कानाशी ओरडला. कामगार हसले.

पण त्यांना खरंच हातानंच कळत होतं. खुर्ची म्हणजे काय, हे त्या बाईला बसून कधी समजलंच नव्हतं, पुसून समजलं होतं. हात एकीवर फिरला, दुसरीवर फिरला, आणि कोपऱ्यातल्या एका खुर्चीच्या रुंद हातावर येऊन थांबला. गडद लाल पॉलिश, कोरा वेत, मागचे पाय नवे जोडलेले. हात जिथं वळायला हवा तिथं ती वळत होती.

"हीच," त्या म्हणाल्या.

भूमिकानं ती उलटवून जोड पाहिले, पास केली. भूपेंद्र तिच्यात बसला, मागं रेलला, मान हलवून उठला. खुर्चीनं त्याच्या कानात काही सांगितलं असेल, तर त्या खडखडाटात ते कुणाला ऐकू येणार?

घरी हॉलमध्ये खिडकीपाशी ती मांडली. भूमिका म्हणाली, "चलो मम्मी, बसा!" फोटो काढायला मोबाईल धरलासुद्धा. कुसुमबाईंनी खुर्चीच्या हातावर हात ठेवला, आणि मागं घेतला. नव्या वस्तूला हळदकुंकू लागलेलं नाही. उद्या नव्या हॉलची पूजा आहेच. उद्या, सगळे गेले की, दुपारी, दार लोटून घेऊन. इतकी वर्षं गेली, एका दिवसानं काय होतंय? त्या वेळी त्या बसल्या असत्या, तर जे कळायचं ते घरातल्या घरात कळलं असतं, आणि गुपचूप खुर्ची परत गेली असती. पण तसं व्हायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पूजेला शंकरभाऊ आले. वडीलधारे, त्यांना चांगली जागा. भूपेंद्रनंच खुर्ची पुढं ओढली. "बस दादा."

शंकरभाऊ बसले आणि मागं रेलले. खुर्ची आधी बारीक कुंथली, मग जाड आवाजात, दोन वेळा.

प्रसादाची ताटली हातात घेऊन भूपेंद्र होता तिथंच थांबला. साठीच्या घरातले ते दोघं भाऊ असे दचकले की जणू गणिताची वही मागं लपवायची राहून गेली. लहानपणी हा आवाज आला म्हणजे आबा उठले, आणि आबा उठले म्हणजे कुणाच्या तरी पाठीचं खरं नाही. शंकरभाऊ विंचू चावल्यासारखे उठले. खुर्ची आडवी पाडली, उजव्या हाताखाली बोटं घातली. पॉलिशवाल्यानं वरचं अंग चकाचक केलं होतं, खालचं कोण बघतं? तिथं चुन्याचा पांढरा थर तसाच होता. वरून पॉलिश, खालून आबा.

"भूपा. ही घरात आणली कोणी?"

रितेशनं दुकानात फोन लावला. मुस्तफाभाई हसतच बोलले, "हां, एक महाराज दे गए थे पिछले साल. क्यों, कुछ खराबी निकली?"

खराबी काही नव्हती. एवढंच, की बापाला दान केलेली बसायची जागा सुनेनं परत ओढून आणली होती.

"विचार तिला," शंकरभाऊ भावाला म्हणाले. आताही थेट नाही. "दुकानभर खुर्च्या होत्या ना? मग हात हिच्यावरच कसा पडला?"

"मले नाही समजलं हो, देवाशप्पथ," कुसुमबाई भिंतीला टेकून म्हणाल्या. "रंग दुसरा, वेत दुसरा…"

"बडे पापा, योगायोग आहे," भूमिका मधे पडली. "मीच घेऊन गेले होते मम्मीला."

"तू नवी आहेस बेटा. बाराव्याला कोण काय बोललं, ते तुला ठाऊक नाही." दारातल्या बायकांनी माना हलवल्या. त्यांना ठाऊक होतं. त्यांतल्या निम्म्या तर त्या दिवशी हसल्याही होत्या.

भूपेंद्रनं ताटली खाली ठेवली. आवाज खाली आणून म्हणाला, "कुसुम, खरं सांग. ओळखली नव्हती?"

नाही, म्हणायला किती वेळ लागतो? पण कुसुमबाई होत्या सरळ. त्यांना तो कोपरा आठवला, हात थांबला तो क्षण आठवला. हाताला माहीत होतं का? आणि हाताला माहीत असेल, तर आपल्याला माहीत होतं असंच म्हणायचं का? त्या विचारात पडल्या. एवढंसं थांबणं, पण सगळ्यांना पुरलं. भूपेंद्रनं तोंड फिरवलं.

खुर्चीचं काय करायचं, हा मोठाच प्रश्न. महाराजांना विचारलं. महाराज, म्हणजे ज्यांनी ती मुस्तफाभाईंना विकली तेच, फार गंभीर झाले. एकदा दिलेलं पुन्हा देता येत नाही. विकली तर बापाची बैठक विकल्याचं पाप. जाळली तर आबांना दुसऱ्यांदा अग्नी दिल्यासारखं. तापीत सोडावी, तर सागवान तरंगतं, आणि पुढच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांनी ओळखून परत आणून दिली तर? शेवटी शांतीची पूजा झाली, दक्षिणा झाली, आणि खुर्ची मागच्या दारी, मोरीपलीकडं, पत्र्याखाली गेली. परत दुकानात न्यायला मुस्तफाभाईही तयार होईनात. गल्लीतली गोष्ट त्यांच्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचली होती.

रितेश-भूमिका इंदूरला गेले. जाताना भूमिका रडली, आणि मग फोनवर फक्त जेवलात का, झोपलात का, एवढंच विचारू लागली.

वैशाखात वादळ आलं. शाहपूरकडच्या केळी आडव्या झाल्या. पुष्कळांच्या झाल्या, पण बाकीच्यांच्या वाऱ्यानं पडल्या आणि शंकरभाऊंच्या खुर्चीनं. त्यांनी निरोप पाठवला, त्या घरचं पाणी पिणार नाही. हळदीकुंकवाला बोलावणं येईना. रजनीसुद्धा आता कुंपणापलीकडूनच बोलते, आणि मस्करी करत नाही. रजनीनं मस्करी सोडली म्हणजे प्रकरण किती लांब गेलं असेल, ते ज्यांना रजनी माहीत आहे त्यांनी समजावं.

भूपेंद्र भांडला नाही, ओरडला नाही. बायकोच्या हातचं जेवतो, पण समोर बसून नाही. हॉलमधल्या दोन विंटेज खुर्च्यांपैकी एकीत तो एकटाच टीव्ही बघतो. दुसरी रिकामी असते, आणि तो तिच्याकडं बोट दाखवून 'बस' म्हणत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर कुसुमबाईंचे गुडघे पार सुजले. एका सकाळी भांडी घासून झाल्यावर त्यांना उठताच येईना. मोरीची कड धरून त्या कशाबशा उभ्या राहिल्या, आणि समोर पत्र्याखाली ती होती. धूळ खाल्लेली. त्यांनी पदरानं तिचे हात पुसले, पाठ पुसली, आणि बसल्या. देहाचा सगळा भार तिच्यावर सोडला. डॉक्टर म्हणाला होता अगदी तशीच खुर्ची, हातांवर जोर देऊन सहज उठता येईल अशी. पाठीला जिथं टेकू हवा तिथं टेकू. इतकी वर्षं म्हातारा उठत का नव्हता, ते त्यांना तेव्हा समजलं.

आता त्या रोज बसतात. भाजी तिथंच निवडतात, तांदूळ तिथंच पाखडतात. ऊठ म्हणायला कुणी येत नाही. मागच्या गल्लीतून जाणाऱ्या बाया पलीकडच्या कडेनं चालतात आणि मुलांचे हात धरतात. घरात आत ये, असंही कुणी म्हणत नाही. सासरच्या एवढ्या मोठ्या घरात त्यांची म्हणून एकच जागा झाली, आणि ती घराबाहेर.

दुपारी भूपेंद्र चहा करतो. वाईट नाही तो, दोन कप करतो. एक घेऊन मागच्या दारी येतो, मोरीपर्यंत. तिथून पुढं पाऊल टाकत नाही. कप खाली फरशीवर ठेवतो, "चहा," म्हणतो आणि वळतो. कुसुमबाई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठतात, भिंत धरत धरत मोरीपर्यंत येतात, आणि तो कप उचलायला खाली बसतात.