बिनटिकलीची पुस्तकं

ब्लाउजचं माप घेताना त्या बाईला कोणतं पुस्तक द्यायचं ते मला कळतं, असं मी कित्येक वर्षं छाती ठोकून सांगत आले. हात वर कर म्हटल्यावर जी लाजून हसते, तिला प्रेमाची कादंबरी. जी माझ्या टेपकडे संशयाने बघते, तिला भुताची. आणि "मागच्या वेळी काखेत घट्ट झालं होतं" हे जी तिसऱ्यांदा ऐकवते, तिला प्रेरणादायी. निदान ती तरी सुधारेल. सीमेवरच्या संतपुरात माझं शिवणाचं दुकान आहे. मशीनच्या मागच्या फळीवर अस्तराचे तागे आणि ताग्यांच्या मागे कादंबऱ्या.

आमच्याकडे शाळा कन्नड, घर मराठी आणि बाजार सगळ्या भाषांचा. मराठी पुस्तक गावात विकत मिळत नाही. उदगीरला जुन्या पुस्तकांचा एक दुकानदार आहे. तो माझ्यासाठी कादंबऱ्या बाजूला काढून ठेवतो आणि सुतळीने बांधून जीपवाल्याच्या हाती पाठवतो. मी वाचते, मग गिऱ्हाइकांना देते. ब्लाउज न्यायला येताना पुस्तक परत आणायचं, एवढाच नियम.

सुरुवातीला पुस्तकं आहेत तशीच द्यायचे. पण प्रेमाच्या कादंबऱ्यांवर चित्रं कसली असतात ते तुम्हाला माहीत आहे. एका सासूने तसलं एक पुस्तक मेलेला उंदीर धरावा तसं दोन बोटांत धरून परत आणलं आणि भर दुकानात मला चार शब्द सुनावले. त्या दिवसापासून मी उरलेल्या अस्तराचे अभ्रे शिवून पुस्तकांना घालायला लागले. प्रेमाला लाल, भुताला काळा, प्रेरणादायीला पिवळा. नावं झाकली गेली, म्हणून बायकांनी आपली नावं पाडली. विहिरीवाली. दोन जावांची. लोणच्याची. शाळेतल्या एक बाई आहेत, त्या सगळ्यांसमोर पिवळंच पुस्तक मागतात आणि आत लाल घालून द्या म्हणून डोळ्यांनी खुणावतात. मी घालून देते. उगाच कशाला कुणाची अब्रू काढा?

टिकलीची चालही दुकानातच पडली. एक नवी सून फॉलबिडिंगला साडी टाकून बाकावर कादंबरी संपवत बसली होती. शेवटचं पान मिटून तिने उसासा टाकला आणि झोपताना आरशाला लावतो तशी कपाळावरची टिकली काढून पुस्तकाच्या शेवटच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवली. मी विचारलं, हे काय गं? म्हणाली, "आवडलं. पुढचीला कळू दे."

ते पुढचीला कळलं, तिच्या पुढचीलाही कळलं. पुस्तक आवडलं की आपल्या कपाळावरची टिकली आत लावायची आणि माझ्या काउंटरवरच्या पाकिटातली नवी घेऊन घरी जायचं, असा रिवाजच झाला. आता पुस्तक उघडायच्या आधी बायका शेवटचा पुठ्ठा बघतात. सहा-सात टिकल्या असल्या तर मी काही सांगायची गरज नसते. एकही नसली तर माझ्या सांगण्याचा उपयोग नसतो. तशी मी तोंडाने तिखट आहे, पण माझ्या हातून गेलेलं पुस्तक बिनटिकलीचं परत आलं की मला जेवण गोड लागत नाही.

आणि ती तर दहाच्या दहा पुस्तकं बिनटिकलीची परत घेऊन आली.

ती म्हणजे जीपवाल्याची बायको. उदगीरहून माझी पुस्तकं आणणारा जीपवाला एका सकाळी गाडी पुसता पुसता छातीवर हात ठेवून खाली बसला, तो उठला नाही. चाळिशीही गाठली नव्हती. वर्ष झाल्यावर त्याची बायको माझ्याकडे काम मागायला आली. हात सफाईदार होता. तुरपाई, हूक, काज, सगळं न सांगता करायची. माहेर उदगीरकडचं, मराठी शाळेत शिकलेली. तागे सरकवताना तिला मागची पुस्तकं दिसली आणि तिने विचारलं, "अक्का, मी एक नेऊ?"

मला कोण आनंद झाला. आणि भलतंच कळवळूनही आलं. हिला काय द्यायचं ते ठरवताना मी मापबिप काही बघितलं नाही. नवरा गेलेली बाई, हिला हवा धीर. म्हणून पिवळं दिलं, लोणच्याची. त्यात नवरा वारल्यावर बाई लोणच्याचा कारखाना काढते. आठ दिवसांनी पुस्तक परत आलं. मी लगेच पुठ्ठा बघितला. टिकली नाही. धीर कमी पडला असेल म्हणून त्याहून कडक पिवळं दिलं. त्यातली बाई दोन पोरांना घेऊन डोंगर चढते. तेही तसंच. मग तिसरं, मग चौथं. औषध लागू पडत नाही म्हणून डॉक्टर गोळी वाढवतो, तसं माझं चाललं होतं.

माझ्याकडचं सगळ्यात जास्त टिकल्यांचं पुस्तक मात्र काळं होतं. आम्ही त्याला 'उंबऱ्यावरचा' म्हणायचो. त्यात एका बाईचा नवरा वारतो आणि रोज दिवेलागणीला येऊन उंबऱ्यावर बसतो. फक्त तिला दिसतो. घरात येत नाही, बोलत नाही, नुसता बसतो. भुताचं पुस्तक खरं, पण वाचणारीला भीती वाटत नाही, रडू येतं. एक पोक्त बाई ते वाचून आठ दिवस आपल्या धडधाकट नवऱ्याशी गोड वागली, म्हणजे बघा. ते पुस्तक मी जीपवाल्याच्या बायकोपासून लपवलं. ती यायच्या आत अस्तराच्या सगळ्यात खालच्या ताग्याखाली सरकवायचे. इतर बायकांनाही बजावलं होतं: तिच्यासमोर 'उंबऱ्यावरच्या'चं नाव काढायचं नाही. बिचारीच्या जखमेवर मीठ कशाला चोळा?

बायका माझं ऐकायच्या. बाकावर त्या पुस्तकाची चर्चा रंगात आलेली असायची आणि ती दारात दिसली की सगळ्या एकदम गप्प. कुणी खिडकीतून बघायची, कुणी पदराचं सूत काढायची. आम्हाला वाटायचं, आपण किती समजूतदार.

सोयाबीनच्या काढणीचे दिवस होते, दुकानात गर्दी नव्हती. तिने दहावं पिवळं पुस्तक काउंटरवर ठेवलं, त्याच्यावर तुरपाईचे चार ब्लाउज घडी घालून ठेवले आणि म्हणाली, "अक्का, उद्यापासून दुसरं कुणी बघा. मी न्हाई यायची. आन पुस्तक बी नको."

"कामून?" मी विचारलं.

"मी आले की समद्या गप्प बसत्यात. माझं काय बोलायल्यात त्ये ठाव न्हाई. पण बोलायल्यात, एवढं कळतंय मला."

इथे मी सरळ माफी मागायला हवी होती. पण जित्याची खोड. पकडलं गेलं की मी उलट अंगावर जाते. पुस्तक उघडून पुठ्ठा तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, "आन तू काय करायलीस? दहा पुस्तकं नेलीस, एकाला टिकली लावली न्हाईस. आवडत न्हाई तर तोंडानं सांगायचं की."

ती पुठ्ठ्याकडे बघत राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "कपाळावरची लावायची रीत हाय ना, अक्का? मी कुठली लावू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज ती माझ्यासमोर बसत होती. तिचं कपाळ मी रोज बघत होते. बोटभर कापड इकडचं तिकडे झालेलं मला लांबून दिसतं, आणि हे दिसलं नाही. माझ्या डोक्यात एकच: हिला पुस्तक आवडत नाही. मी खाली बघून "चुकलं माझं" म्हणाले. हे शब्द माझ्या तोंडून सहसा निघत नाहीत, आमच्या घरात कुणालाही विचारा.

तिला माझी दया आली असावी. बाकावर बसली. म्हणाली, "पुस्तकं चांगली हायेत. पण त्या बायकांना पंधरा पानांत नवरा इसरतोय आन लगीच लोणचं घालाय लागत्यात. मला न्हाई जमायलं तसं."

"मग तुला कसलं पाहिजे?"

तिने जरा वेळ हातातली सुई पदराला टोचली, काढली. "एक इचारू? उंबऱ्यावर येऊन बसणाऱ्या नवऱ्याचं पुस्तक तुमच्याकडंच हाय ना?"

मी चपापले. बायकांपैकी कुणीतरी फोडलं असणार असंच वाटलं. पण ते कुणी फोडलं नव्हतं. ते तिला तिच्या नवऱ्याने सांगितलं होतं.

उदगीरच्या स्टँडवर सीट भरेपर्यंत तास-दीड तास जीप थांबते. तेवढ्या वेळात तो माझं बांधलेलं पार्सल सोडून वाचत बसायचा. शिकलेला कन्नड शाळेत, मराठी अक्षर शाळेतल्या हिंदीमुळे ओळखीचं. ओळीखाली बोट धरून वाचायचा. दुसऱ्याची वस्तू घरी न्यायची नाही हा त्याचा नेम होता. वाचल्याने झिजत नाही हाही त्याचाच हिशेब. मग जेवताना जेवढं वाचलं तेवढं बायकोला सांगायचा. "मला शेतातून आल्यावर वाचायला येळ कुठं हुता," ती म्हणाली. "आन त्येंच्या तोंडून ऐकायला बरं वाटायचं. शब्द चुकायचे, मी हसायची."

आणि मग मला ते पार्सल आठवलं. 'उंबऱ्यावरचा' ज्यात आलं ते. पंधरा दिवस उशिरा आलं, सुतळी सैल, एका पानावर चहाचा डाग आणि मध्येच एका पानाचा कोपरा दुमडलेला. मी जीपसमोर उभी राहून, बसलेल्या माणसांदेखत त्याला झापलं होतं. पुस्तकं म्हणजे काय तुरीचं पोतं आहे का, गाडीत टाकलं आणि विसरलं? तो नुसता हसला, पार्सल माझ्या हातात दिलं आणि गाडी चालू केली. त्याचं वाचून व्हायचं होतं, हे तो बोलला नाही.

"त्या पुस्तकात मधल्याच पानाचा कोपरा दुमडलेला हुता. म्हणजे त्याचं अर्धंच राहिलं?" मी विचारलं.

"राहिलं असंल. पण मला त्येंनी शेवट सांगितला. आता कळायलंय, मनानंच लावून सांगितला असंल. खरा काय हाय त्ये बघावं वाटायलंय."

मी तागा उचलला, खालून पुस्तक काढलं आणि तिच्या हातात दिलं. तिने आधी शेवट उघडला नाही. पानं चाळत दुमडलेला कोपरा शोधला आणि त्यावर अंगठा ठेवून तशीच बसली.

ती गेल्यावर मी बायकांना सगळं सांगितलं. आठ दिवस ती आली नाही आणि ते आठ दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. एका गळ्याला तर मी बाहीचं माप लावलं. माझ्यामुळे तिने आणखी काही गमावलं तर, हाच विचार. कारण मला माहीत होतं, पुस्तकातला नवरा शेवटी जातो. बाई सावरली असं दिसल्यावर एका संध्याकाळी तो उंबऱ्यावरून उठतो आणि पुन्हा येत नाही. सगळ्या टिकल्या त्या शेवटाला मिळालेल्या.

नवव्या दिवशी ती आली आणि नेहमीच्या जागी बसली. पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणाली, "पुस्तकातला जातोय. त्येंनी सांगितलेला गेला नव्हता."

"मग काय केलं त्याने?"

"बाईनं ताट वाढून उंबऱ्यावर आणलं. म्हणली, हितंच बस, आत न्हाई आलास तरी चालंल, जाऊ नको. आन त्यो बसला. ती बी तिथंच जेवली." तिने सुई उचलली. "त्येंचाच बरा हाय, अक्का."

मी पुठ्ठा उघडला नाही. दुमडलेलं पान उघडलं. त्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा एक टाका होता, बारीक, ब्लाउजच्या आतल्या बाजूला घालतात तसा, घडी पुन्हा उलगडू नये म्हणून घातलेला. मी तिच्याकडे बघितलं. ती सुईत दोरा ओवत होती.

आता कुणी चांगलं काही द्या म्हटलं की मी माप बघत नाही, 'उंबऱ्यावरचा' काढते. सांगते, टाक्यापर्यंत वाचा आणि पुढचं तिला विचारा. छापलेला शेवट नंतर वाचायचा तर वाचा, मी अडवत नाही. बायका बाकावर तिच्याशेजारी सरकून बसतात. ती हूक लावता लावता सांगते, रोज तेच, आणि कुठे कुठे त्याचे चुकलेले शब्द तसेच ठेवते. परवा शाळेतल्या बाई ऐकून उठल्या, कपाळावरची टिकली काढली आणि पुस्तक हातात घेतलं. शेवटचा पुठ्ठा त्यांनी उघडलाच नाही. पानं उलटत त्या दुमडीपर्यंत आल्या आणि टिकली लाल टाक्याच्या शेजारी लावली.