काशीत सोडलेली लाल गाडी

नागपूरहून निघताना आईला गाडीत बसवायला इतका वेळ लागला, की तेवढ्यात शेजारचे देशमुख दाढी आणि आंघोळ उरकून पुन्हा फाटकाशी आले. "अजून इथेच?" त्यांनी विचारलं. आईचं अर्धं शरीर गाडीत आणि अर्धं अंगणात होतं.

गाडी दोन दारांची होती. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवायची, मान खाली घालायची, एक पाय आत टाकायचा आणि मग देवाचं नाव घेऊन बाकीचं अंग. आईचे गुडघे दुखरे. त्यामुळे ती पाठमोरी शिरायची आणि माझी बायको नलिनी तिला समोरून हळूहळू ढकलायची. आमची सहा वर्षांची मनू तोवर पलीकडून आत जाऊन आजीचा पदर ओढत असायची. मी हँडलवर हात ठेवून, गडबडीच्या कामात पुरुष उभे राहतात तसा, जबाबदारीच्या चेहऱ्याने उभा असायचो.

मी दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना "आ करा" म्हणणाऱ्या माणसाला थोडा रुबाब कुठून तरी उसना आणावा लागतो. मी तो या गाडीकडून आणला होता. लग्नाआधी कामठीच्या छावणीतून बदली होऊन जाणाऱ्या एका कॅप्टनकडून मी ती घेतली. बुटकी, लाल, कापडी टपाची. वेगापेक्षा तिचा आवाज मोठा होता, पण चौकातले लोक आवाजच ऐकतात. वडील गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली, मनूचे पाय लांब झाले आणि गाडी दर महिन्याला आणखी लहान होत गेली. माझ्या मते ती पुरेशी होती. अर्थात मी पुढे बसत होतो.

त्या हिवाळ्यात नलिनीच्या सिंधूमावशीचा बनारसहून फोन आला. या तिच्या आईच्या मावसबहीण. पिढ्यान् पिढ्या काशीत राहिलेल्या मराठी घरातल्या, मुलींच्या कॉलेजात गाणं शिकवून निवृत्त झालेल्या. लाइनीत खरखर फार होती. मला कळलं ते एवढंच, की त्यांच्याकडे पाच दारांची, जवळजवळ नवी छोटी गाडी आहे, ती आम्ही घ्यावी आणि आमची लाल गाडी त्यांना द्यावी. त्यांचा मुलगा गिरीश लखनौला नोकरीला होता. आमच्या लग्नात त्याने माझ्या गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या होत्या. तेव्हा गाडी त्यालाच हवी, हे मी धरून चाललो. तरुण माणसाच्या हाती जाणार म्हणून मला बरंही वाटलं. नलिनी म्हणाली, "जाऊ या. आईंची काशीही होईल." आईने लगेच बॅग भरली.

पहिला मुक्काम जबलपूरला. दुसऱ्या दिवशी कटनीच्या पुढे एका ढाब्यावर थांबलो आणि आई बाहेर निघेना. रात्रीच्या थंडीने तिचे गुडघे आखडले होते. मी या बाजूने ओढून पाहिलं, त्या बाजूने ओढून पाहिलं. तिने शांतपणे सांगितलं, "अरे विजू, मी दात नाहीये."

खाटेवर चहा पीत बसलेले दोन सरदारजी ट्रकवाले उठून आले. त्यातल्या थोरल्याने काचेवरच्या डॉक्टरी चिन्हासकट गाडीचं नीट निरीक्षण केलं आणि म्हणाला, "डॉक्टरसाब, छत तो कपडे की है. खोल दो. माताजी ऊपर से आ जाएंगी." टप उघडला. आई सीटवर उभी राहिली, दोघांनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं आणि देवळातल्या उत्सवमूर्तीसारखी अलगद बाहेर काढली. ढाब्यावरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. आईने मात्र पदर सारखा केला, दोघांना आशीर्वाद दिला आणि गोभीचे पराठे मागवले. रीवाच्या मुक्कामालाही ती वरूनच उतरली. लॉजचा मॅनेजर रजिस्टर तसंच टाकून पाहायला आला.

तिसऱ्या दिवशी हनुमना गावापुढचा घाट उतरलो. दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली, रस्त्याकडेला हिरव्या मटाराचे ढीग आणि पेरूच्या टोपल्या. मिर्झापूरला गंगेच्या पुलावर गाडी हळू केली. आईने उघड्या टपातून हात जोडले. "काशीला गेलं की आपल्या आवडीचं काहीतरी सोडायचं असतं," ती मनूला सांगत होती. "मी पेरू सोडणार." मनूने विचारलं, "आणि बाबा?" आई म्हणाली, "तो आधी विचार करेल."

बनारसमध्ये मैदागिनच्या पुढे गाडी जात नाही, गल्ल्या सुरू होतात. तिथे उभी केली तर घोळका जमला. एक रिक्षावाला बोनेटवर हात फिरवत म्हणाला, "ई त हवाई जहाज हौ." (हे तर विमानच आहे.) तीन दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी गाडीची कदर केली होती. मी कॉलर नीट केली. तेवढ्यात त्याने आईला बाहेर काढण्याचा आमचा खटाटोप पाहिला आणि मान हलवत निघून गेला.

सिंधूमावशी आम्हाला न्यायला आल्या होत्या. साठी ओलांडलेल्या, सडपातळ, अंगावर राखी शाल, पायात कापडी बूट. "परेशान नका होऊ," त्या आईचा हात धरून म्हणाल्या. "गल्ली आहे, धीरे धीरे चला विहीणबाई. खाली बघून, गोबर आहे." मंगला गौरीजवळच्या त्यांच्या घरापर्यंत आम्ही सांडांना वाट देत, कचौडीच्या कढयांना वळसे घालत पोचलो. घर अरुंद आणि उंच. वरच्या खोलीच्या खिडकीतून पंचगंगा घाटावरच्या नावा दिसत होत्या. मावशींनी चूडा-मटर (तुपातले पोहे आणि कोवळे मटार) समोर ठेवलं. वर आल्याचा कीस, बाजूला मलइयो, म्हणजे थंडीत मिळणारा केशरी दुधाचा फेस. तो तोंडात घालावा तर काही नाही, आणि तरी गोड. मनूने तीन कुल्हड रिकामे केले.

खाणं झाल्यावर मी विषय काढला. "गिरीश कधी येतोय गाडी बघायला?"

"गिरीशचं काय काम आहे?" मावशी म्हणाल्या. "गाडी मी घेते आहे."

नलिनी माझ्याकडे पाहत होती, म्हणून मी हसू आवरलं. मावशींनी ते पाहिलंच असणार. त्या सांगू लागल्या. त्यांचे यजमान बँकेत होते. निवृत्तीच्या वर्षी त्यांनी पाच दारांची गाडी घेतली. गिरीश येईल, सून येईल, नातवंडं होतील, सगळ्यांना घेऊन विंध्याचलला, चुनारला जाऊ. पुढच्याच वर्षी ते गेले. गिरीश वर्षातून एकदा रेल्वेने येतो आणि रेल्वेने जातो. मावशी मग स्वतः गाडी शिकल्या.

"रोज कबीरचौऱ्याच्या गॅरेजातून काढते," त्या म्हणाल्या, "आरशात बघते, तर मागे ती लंबी सीट रिकामी. दोन साल बघितली. आता मला मागची सीटच नको. तुमच्या गाडीला मागची सीट आहे असं कोणी म्हणू शकत नाही."

यावर आई मोठ्याने हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशींना गाडी समजावून द्यायला घेतली. चोक किती ओढायचा, दुसरा गिअर कसा लाडीगोडीने टाकायचा, क्लच किती हलका सोडायचा. बरंच बोललो. आधी मी चालवून दाखवतो म्हणालो आणि लहुराबीरच्या वळणावर आमच्यापुढे एक सांड बसला. मी हॉर्न वाजवला. हॉर्न सुरेल होता, त्याच्यासाठी मी मुंबईहून भोंगा मागवला होता. सांडाने डोळे मिटले. मागे रिक्षांची रांग लागली. पानवाला दुकानातून म्हणाला, "भइया, गाना सुन के ऊ सुत जइहें. गाडी पीछे लीजिए." (गाणं ऐकून तो झोपेल.) मी मागे घ्यायला गेलो आणि गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. घाम फुटला.

"सरका," मावशी म्हणाल्या.

त्यांनी शाल डोक्याला गुंडाळली, मागच्या रिक्षावाल्यांना "ए भइया, तनी किनारे" म्हणून हाताने जागा करून घेतली आणि मी इतका वेळ वर्णन केलेला क्लच काही न विचारता सोडला. गाडी सरळ मागे आली, वळली आणि छावणीच्या रुंद रस्त्याला लागली. आयुष्यात पहिल्यांदाच मी माझ्या गाडीत डाव्या बाजूला बसलो होतो. नसलेला ब्रेक दाबून माझा पाय दुखायला लागला. तिथून मला गाडीचा आवाज नीट ऐकू आला. छान होता. मावशी गुणगुणत होत्या, बहुधा भैरवी. एका कॉलेजच्या पोरीने सायकलवरून "मॅडमजी, नमस्ते" केलं, तर त्यांनी हॉर्न वाजवून उत्तर दिलं. ही गाडी मला कधीच इतकी शोभली नव्हती. हे कळल्याबरोबर मला ती द्यावीशी वाटेना.

संध्याकाळी सगळे बालाजी घाटावर बसलो होतो. मी घसा साफ करून म्हणालो, "मावशी, मी विचार केला. गाडी जुनी आहे. पार्ट मिळत नाहीत. पावसात टप गळतो. तुम्हाला त्रास होईल. आपल्या माणसाच्या गळ्यात अशी वस्तू बांधणं मला बरं वाटत नाही."

मावशी पाण्याकडे बघत होत्या. "जावईबापू, ही काळजी माझी की गाडीची?"

नलिनी म्हणाली, "गाडीची. मला ताप आला होता तेव्हा हे इतके हळवे झाले नव्हते."

"जाऊ दे ग," मावशी म्हणाल्या. "वस्तूवर जीव बसतो. असं करा. उद्या माझ्या गाडीतून सगळे सारनाथ बघून या. मला घरी गाण्याचा क्लास आहे, मी नाही येत. वापस आल्यावर नको वाटली तर दोन्ही गाड्या आपापल्या घरी." त्या हसून बोलल्या, पण हाताने शालीचं टोक पिळत होत्या. त्यांना गाडी किती हवी होती ते मला तेव्हा दिसलं, आणि मी ते दिसू नये म्हणून एका नावाड्याशी भाव करू लागलो. मला कुठेही जायचं नव्हतं.

सकाळी कबीरचौऱ्याच्या गॅरेजपाशी मावशींच्या पांढऱ्या गाडीचं तोंड पाहिलं. साबणाच्या डबीसारखी, गरीब चेहऱ्याची. मी किल्ली लावून वळलो, सवयीने सीट वाकवायला हात पुढे केला, तर वाकवायला काही नव्हतं. आईने मागचं दार उघडलं. कडेला बसली, एकेक पाय आत घेतला आणि दार लावून घेतलं. मग काच थोडी खाली केली, पुन्हा वर केली.

"निघा," ती म्हणाली.

वाटेत ती सतत बोलत होती. आमच्या गाडीत ती फारशी बोलत नसे. मला वाटायचं इंजिनाच्या आवाजामुळे. सारनाथला मी गाडी झाडाखाली उभी केली, किल्ली काढली आणि तिला उतरवायला म्हणून फिरून मागच्या दाराशी आलो. सीट रिकामी होती. आई मनूचा हात धरून स्तूपाकडे निघूनही गेली होती. तिची चाल मंदच होती, पण मागे वळून कोण येतंय हे ती पाहत नव्हती.

नलिनी माझ्या शेजारी उभी राहिली. बोलली असती तर मी वाद घातला असता.

परतल्यावर मी लाल गाडीची किल्ली मावशींच्या हातात दिली. "पावसात टप खरंच गळतो," मी म्हणालो. "छत्री ठेवेन," त्या म्हणाल्या. आणि मग त्या एकदम आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते आणि हातात यजमानांच्या गाडीत टाकायला पिवळं कापड होतं. "काच पुसायला," म्हणाल्या. "ते रोज पुसत." कागदांची व्यवस्था त्यांच्या ओळखीच्या वकिलांनी करून दिली.

निघालो त्या सकाळी मैदागिनवर मावशी लाल गाडीतून आमच्यापुढे चालल्या होत्या. टप उघडा, डोक्याला शाल. शेजारच्या सीटवर त्यांची एक समवयस्क मैत्रीण, दोघी मोठमोठ्याने बोलत होत्या. चौकात त्या डावीकडे वळल्या, आम्ही उजवीकडे. मी आरशात पाहिलं. आरशात आई होती, रस्त्याकडेच्या पेरूच्या टोपलीकडे पाहत. तिने खरंच पेरू सोडले होते.

परतीचा प्रवास लिहिण्यासारखा नाही, कारण काहीच बिघडलं नाही. ढाब्यावर कोणी मदतीला आलं नाही, लॉजचा मॅनेजर रजिस्टरवरून उठला नाही, एकाही माणसाने वळून पाहिलं नाही. पहिल्या दिवशी हे मला फार लागलं. दुसऱ्या दिवशी मी मोहरीची शेतं पाहिली. जाताना मी लोक आपल्याला पाहतात का हे पाहत होतो. प्रवासात माणसाने काय पाहावं, याचं शिक्षण मला दंतवैद्यकाच्या पदवीनंतर बऱ्याच वर्षांनी मिळालं.

नागपूरला संध्याकाळी पोचलो. नलिनीने कुलूप काढलं, मनू उड्या मारत आत गेली, मी बॅगा उतरवल्या. आई मागच्या सीटवर तशीच बसून होती. मला वाटलं, पुन्हा गुडघे आखडले.

"आई, घर आलं," मी दार उघडून म्हणालो.

"दिसतंय मला," ती म्हणाली. दार तिने आतून ओढून घेतलं. "ते सामान राहू दे. तलावापर्यंत एक फेरी मारून आण."

मी बॅगा अंगणातच ठेवल्या आणि गाडी वळवली.