यासीनच्या थुंकीतलं एन्झाइम

दुपारी जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी होते. मी टेबलावर हात दुमडून त्यावर कपाळ टेकते. झोपायचं नाहीये हं, नुसते डोळे मिटायचेत, असं स्वतःला बजावते. समोर झाकण घातलेली प्लेट आहे, स्टार्चचा पांढरा थर दिलेली. तिच्या मधोमध आत्ताच एक थेंब टाकलाय. मुरू दे जरा.

थेंबात यासीनचं एन्झाइम आहे. जिवंत असलं तर. भाताचा घास चावता चावता गोड लागायला लागतो ना, ते थुंकीतल्या ज्या एन्झाइममुळे, तेच हे. संशोधनासाठी आम्ही ते बनवायला घेतलं तेव्हा माणसाचा जनुक हवा होता. माझ्या शेजारच्या टेबलावरचा यासीन तांबोळी म्हणाला, "माझी थुंकी घ्या की. हाय काय त्यात!" त्याचा जनुक आम्ही यीस्टमध्ये घातला. तेव्हापासून यीस्ट वाढतं आणि यासीनचं एन्झाइम बनवत राहतं. यासीन गेला, बसल्या जागी, हार्टने, तरी ते बनतच राहिलं. मग परवा फ्रीजर बंद पडला आणि त्याच्या यीस्टच्या सगळ्या नळ्या खराब झाल्या. एक तेवढी वाचल्यासारखी वाटतेय, तिच्यातला हा थेंब. हाही निकामी निघाला तर यासीनचं इथलं सगळं संपलं. तपासायची मला भीती वाटतेय, सरळ सांगते.

"जेवली न्हाईस व्हय अजून?"

यासीन समोरच्या स्टुलावर बसलाय. पांढरा कोट, बटणं उघडी. मी दचकत नाही. उलट रागच येतो.

"इतके दिवस होतास कुठे रे?"

"आता घ्या! तू आलीवतीस की घरी. अम्मीजवळ बसलीस, रडलीस, च्या नको म्हणालीस."

"अशा वेळी चहा कोण घेतं?"

"अम्मी अजून बोलून दाखवती. कुंदानं च्या घेतला न्हाई."

टेबलाच्या पायांना पाणी लागतं. सांगलीचा घाट आहे, कृष्णा संथ वाहतेय. पायऱ्यांवर आमच्या काचेच्या नळ्या वाळत घातल्यात आणि बाजूला बायका धुणी आपटतायत. कोणाला त्याचं काही वाटत नाही. प्लेट माझ्या मांडीवर आहे.

"नवा जनुक मागव," यासीन म्हणतो. "विकत मिळतोय आता, पायजे तसा. घरपोच."

"तो तुझा नसेल."

"एन्झाइमला काय कळतंय? भात गोड झाल्याशी मतलब."

"मला कळतं ना!" माझा आवाज चढतो. "सकाळी दार उघडलं की यीस्टचा तो पावासारखा वास यायचा. वाटायचं, चला, आलाय हा कामावर."

तो हसत नाही. त्याचं न हसणं मी फारसं पाहिलेलं नाही.

"मी गेलोय गं, कुंदा."

"माहितीये."

"माहिती हाय, पण ऐकत न्हाईस."

अम्मी भात वेळते आहे. वाफेत तिचा चेहरा दिसत नाही. पेज ती आमच्या प्लेटांमध्ये ओततेय, एकीमागून एक, आणि ती पांढरी होऊन थिजतेय. यासीन माझ्या प्लेटवरचं झाकण उचलतो, अगदी नाक टेकेल इतका वाकतो आणि सुरू होतो. फ्रीजरवाल्याला झाप, वेळेवर घरी जात जा, अम्मीकडं एकदा जाऊन ये.

"अरे, तोंड बाजूला कर! प्लेट उघडी आहे!"

"असू दे की. किती दिसांनी बोलतोय."

मला त्याला थांबवावंसं वाटत नाही. त्याचे ओठ हलत राहतात आणि आवाज मात्र वाफेत बारीक बारीक होत जातो.

मान अवघडून जाग येते. प्लेटवर झाकण जसंच्या तसं आहे. आता मी विचार करत बसत नाही. झाकण काढते आणि आयोडीन ओतते. स्टार्च निळा पडतो. जिथे एन्झाइमने स्टार्च खाल्लाय तेवढी जागा पांढरी राहते, परीक्षा एवढीच. निळा रंग कडेने आत येतो, मध्यापर्यंत पोचतो आणि मी थेंब टाकला होता ती जागाही निळी होते. काळीनिळी.

संपलं. मला रडू येतं. आवाज न करता रडते, कोटाच्या बाहीला नाक पुसते आणि उठते. नवा जनुक मागवायला हवा. प्लेट धुवायला बेसिनपाशी नेते, तेव्हा खिडकीचा उजेड तिच्यावर पडतो.

एका कडेला पांढरे ठिपके आहेत. मोहरीहून बारीक, विखुरलेले. उघड्या प्लेटवर कोणी तोंड नेऊन बोललं की थुंकी उडून असेच ठिपके पडतात, म्हणून आम्ही सगळे ओठ मिटून काम करतो.

मी प्लेट आणखी उजेडात धरते. मधल्या थेंबापर्यंत ठिपकेच ठिपके. बराच वेळ बोलत होता तो.