घाटावरच्या पाटीतलं माझं वाक्य

अर्ज लिहायचा म्हटलं की आमच्या गावात लोक अजूनही माझ्याकडेच येतात. उभी हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात गेली, अक्षर बरं आहे, आणि कुणी विचारायला आलं की मला आवडतं. खोटं कशाला बोलू? निवृत्त मास्तरणीला एरवी विचारतं कोण!

माझं घर तलावाच्या पाळीला लागून आहे. तिथे आधी धानाच्या बांध्या होत्या. मुरूम टाकून त्यांचे प्लॉट पडले, तेव्हा मी हट्टाने पहिल्या ओळीतला घेतला. खिडकी उघडली की समोर पाणी आणि खाली घाट. त्या घाटावर मासे धरणाऱ्या ढिवरांचे चार-पाच डोंगे रात्रभर बांधलेले असायचे. एका अख्ख्या खोडातून कोरलेल्या होड्या, लांबोडक्या, काळ्याभोर. पहाटे चारला माणसं यायची, बिड्या पेटवायची, खोकायची, एकमेकांना हाका मारायची, आणि बांबू डोंग्यावर आपटायचा. माझी झोप आधीच मांजरीची. मी रोज खिडकीतून ओरडायचे आणि ते रोज ‘हो जी, हो जी’ म्हणायचे.

शेवटी लेआउटमधले सगळे जमले. गोंदियाहून येऊन राहिलेले शेजारचे तांदळाचे व्यापारी म्हणाले, “मैडम, आप ही लिख दीजिए, आपकी बात पंचायत नहीं टालेगी.” झालं, मी फुगले. त्याच दुपारी अर्ज लिहून काढला. रात्री घाटावर डोंगे बांधू नयेत, एवढं पुरेसं होतं. पण मला अर्धवट काही लिहवत नाही. मी पुढे लिहिलं, ‘संध्याकाळी सहा ते सकाळी सहा सर्व डोंगे पाण्याबाहेर काढून ठेवावेत.’ शाळा सुटल्यावर पोरांना बस्करपट्ट्या गुंडाळून ठेवायला लावायचे ना, तसंच.

ग्रामपंचायतीने ठराव घेतला आणि माझं वाक्य जसंच्या तसं पत्र्याच्या पाटीवर रंगवून घाटावर ठोकलं. मी दोनदा जाऊन पाहून आले. एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकला नव्हता.

बाकीच्या ढिवरांनी त्या पाटीचं काय केलं? काही नाही. आपापले डोंगे पलीकडच्या काठाला, बेशरमच्या झुडपांत नेऊन पाण्यातच बांधले आणि मोकळे झाले. एकट्या एकानेच पाटी मनावर घेतली. तो माझा विद्यार्थी. चौथीपर्यंत माझ्या हाताखाली होता, आणि त्याच्या घरात वाचता येणारा तेवढाच एक. आता त्याच्याही मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या आहेत.

पाटी लागली त्याच आठवड्यात तो फाटकाशी येऊन उभा राहिला. खांद्यावरचा दुपट्टा हातात घेतलेला. त्या सकाळी पाटीवरून माझ्याशी हुज्जत घालायला दोघे येऊन गेले होते, आणि गॅसवर दूध उतू चाललं होतं.

“बाई, पाण्याभायेर मंजे पुराच काढाचा का जी? डोंगा त…”

“चौथीपर्यंत शिकवलं ना तुला?” मी त्याला बोलूच दिलं नाही. “वाचता येतं ना? मग वाच, आणि जसं लिहिलंय तसं कर.”

“हो जी,” म्हणाला आणि गेला. मी दूध उतरवलं.

त्या दिवसापासून तो आणि त्याची बायको रोज संध्याकाळी डोंगा ओढत वर आणायचे आणि सकाळी सहाला पुन्हा पाण्यात ढकलायचे. मी खिडकीतून बघायचे. तिचा घाम पदराने पुसून संपायचा नाही. आणि मी काय करत होते? शेजाऱ्यांना बोलावून दाखवत होते, बघा, माझा विद्यार्थी! आज हे आठवलं की माझीच मला चीड येते.

ऐन एप्रिलात त्याला बोदलकशाकडे नात्यातल्या लग्नाला जावं लागलं. चार दिवस. आपण नसताना नियम मोडायला नको म्हणून डोंगा वर काढून गेला. एकट्या बायकोला तो पाण्यात ढकलता येईना. चार दिवस डोंगा आमच्या त्या उन्हात उघडा पडून राहिला. मी रोज बघत होते. मला वाटलं, किती छान, जागच्या जागी ठेवलाय.

पुढे आठवड्याने तो मला पाण्यात दिसला, ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळं टाकताना. पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात. मी घाटावर उतरून हाक मारली.

“अरे, डोंगा कुठंय?”

“फाटला जी. या टोकापासून त्या टोकापर्यंत.”

चिंध्या कोंबून, डांबर लावून पाहिलं, पाणी काही थांबलं नाही. आणि तसं खोड आता कोण तोडू देतं? त्याच्या बापाचा डोंगा होता तो. मग त्यानेच मला समजावलं, लहान पोराला सांगावं तसं. डोंगा कधी कोरडा पडू द्यायचा नसतो. उन्हाळ्यात धंदा नसला तर उलट त्यात पाणी भरून काठाशी बुडवून ठेवायचा, म्हणजे लाकूड तडकत नाही. ढिवराच्या घरातलं शेंबडं पोरही हे जाणतं. मी जन्मभर या तलावाच्या गावात राहिले, आणि मला ठाऊक नव्हतं.

“मग मला सांगितलं का नाहीस रे?” मी रागावलेच.

“सांगाले आलतो ना जी,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मग तोच म्हणाला, “बाई, एक काम करान का? घरचे मनतेत, मले वाचताच येत नाई. पाटीवर अलग लिवलं हाये अन् मी अलग वाचलं, मनून डोंगा गेला. बायको त बोलतच नाई. तुमी येऊन सांगून द्या ना. मी बराबर वाचलं होतं ना?”

“बरोबर वाचलं होतंस,” मी म्हटलं.

त्याच दिवशी मी त्यांच्या मोहल्ल्यात गेले. त्याची बायको अंगणात मासळी साफ करत होती. तो भिंतीला टेकून उभा राहिला. मी सगळं सांगितलं, की त्याने अक्षर न् अक्षर बरोबर वाचलं, ओळ मी लिहिलेली आहे, आणि डोंगा पाण्याबाहेर ठेवत नाहीत हे मला माहीत नव्हतं. चूक माझी आहे, असंही म्हटलं.

तिने हात थांबवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

“तुमाले मालूम नोहतं,” ती म्हणाली, “त लिवलं कायले जी?”