तिघांचं कुलूप

काका गेल्याचं प्रमोदने फोनवर सांगितलं. आणि आम्ही दोघंही हसलो. वाईट दिसेल, पण झालं ते असं. सिंदी मेघे गावातल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत काकांनी आम्हाला कसं झापलं होतं, ते दोघांना एकदमच आठवलं.

काकांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. कॉम्प्युटर आले, ती बंद पडली. तर रडत बसण्याऐवजी हा माणूस साठीत कॉम्प्युटर दुरुस्ती शिकला. आमच्या संघटनेला कुणीतरी जुना लॅपटॉप दिला होता. चालू होतानाच तो पासवर्ड मागायचा. तो आम्ही तिघांनी टाकला होता : मी, प्रमोद, सुनीताताई. प्रत्येकाने आपला तुकडा टाकायचा, बाकीच्यांनी तोंड फिरवायचं. माहिती एकाच्या मुठीत नको, असा ठरावच केला होता! मग पत्रकात ‘विनंती’ लिहायचं की ‘मागणी’, यावरून प्रमोद भांडून निघून गेला आणि लॅपटॉप दोन महिने कपाटात पडला.

तेवढ्यात आष्टीकडच्या बायकांची रेशनकार्डं रद्द झाली. अर्ज हरवले कचेरीने, आणि वर तोंड करून विचारतात, अर्ज दिलेच कुठे? पोचेचा शिक्का असलेल्या नकला फक्त त्या लॅपटॉपमध्ये होत्या आणि सुनावणी होती दुसऱ्या दिवशी. सुनीताताईंना घेऊन मी काकांकडे धावले.

“पासवर्ड कोनाचा?”

“तिघांचा.”

“मंग तिसरा कुठी हाय?”

“तो फुटला, काका.”

“फुटाले तो काय मटका हाय? मालकाशिवाय मी बंद मशीन खोलत नाई. तिघंबी पाह्यजे.”

मी गरिबांच्या हक्कांवर सुरू झाले. “भाषण कचेरीत देजो, पोरी. इथं फोन लाव.”

जिवावर आलं, पण लावला. प्रमोद तोंड पाडून आला, आणि त्याला आपला तुकडाच आठवेना. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी विचारलं, “अन् तुहा?” मलाही आठवत नव्हता. दोन महिने सगळा दोष प्रमोदवर ढकलून मी मोकळी झाले होते!

काकांनी बॅटरी काढली, मागचं झाकण खोललं, आतला नाण्याएवढा सेल काढला. “याच्यावरच पासवर्ड टिकते. पुसाले अर्धा घंटा लागते. बसा.” एकेकाच्या तळहातावर स्क्रू ठेवले, म्हणजे कुणी उठून जाऊ नये. “लोकायले सांगता एक व्हा. अन् तुमी एकमेकायकडे पाठ करून कुलूप लावता? काऊन?” एरवी कलेक्टरलाही उत्तर देणारी मी, स्क्रू मोजत बसले.

सेल परत बसवला. लॅपटॉप पासवर्ड न मागता मुकाट्याने सुरू झाला, फक्त तारीख तीन वर्षं मागची. काका म्हणाले, “घ्या, भांडनाच्या आंधीची तारीख आली. पुढं करू का राहू देऊ?” प्रमोद फिसकन हसला. मीही.

दुसऱ्या दिवशी साहेबांना आपल्याच कचेरीचा शिक्का वाचावा लागला. कार्डं परत मिळाली. सोबतचं निवेदन प्रमोदने जाताना एसटीतच लिहिलं होतं. मी म्हणाले, विनंती चालेल. तो म्हणाला, छे, मागणीच!

आदल्या दिवशी त्यांच्याकडून निघताना काकांनी विचारलं होतं, नवा पासवर्ड टाकायचा का? आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीच हात पुढे केला नाही.

लॅपटॉप अजून आहे. परवा आष्टीच्या एका मावशीने स्वतःच बटण दाबलं. “वो ताई, हे काहीच इचारत नाई. कोनीबी उघडन ना?”

“हो, मावशी. उघडा.”