कंठीरामाचं बारसं

सन १९३४, आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दुसरा दिवस. रनाळ्याच्या आमच्या घरी त्या दिवशी पोपटाचं बारसं झालं. पोपट नंदुरबारच्या बाजारातून पाच आण्यांना आणला होता, पिंजऱ्याचे सात आणे वेगळे. हजर आम्ही पाच जण: माझी आई, बायको, आठ वर्षांची मुलगी, धाकटी बहीण आणि मी.

पोपट मुलीचा. मिठू आणि राघू ही नावं तिनं आधीच मोडीत काढली होती, कारण गल्लीतल्या सगळ्या पोपटांची तीच. शिवाय नाव बारसं करूनच ठेवायचं, हा हट्ट.

“नाव फुई ठेवस,” ती म्हणाली. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. “मन्ही फुई घरमाच शे.”

माझी बहीण सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली होती. ह्याच मुलीच्या बारशाला नाव ठेवायला शहाद्याहून चुलतबहिणीला बोलावलं होतं. सख्खी फुई त्या दिवशी चुलीपाशी पोळ्या लाटत होती. विधवेनं बाळाच्या कानाशी जायचं नाही, अशी रीत.

आई म्हणाली, “पाखरूनं काय, आज शे, सकाय नही. काही व्हई गयं ते बोल हिन्हावर येई.”

आईचं हे भय खोटं नव्हतं. गावात असे बोल तिनं ऐकलेले होते, आणि लेकीला आणखी एक ऐकावा लागू नये एवढंच तिला वाटत होतं.

“मांजरनी खादं ते मांजरवर येई,” मुलगी म्हणाली. “फुईवर कसाले?”

मी बहिणीकडे पाहिलं. “बाई, तुन्हा मनमा काय शे?”

ती उठली. हात धुतले, पदरानं पुसले आणि पिंजऱ्याचं दार उघडून पोपट बाहेर घेतला. त्यानं लगेच तिचं बोट चोचीत धरलं. तिनं सोडवलं नाही.

“त्याना कान कोठे शे?” मुलीनं विचारलं.

“आठे. डोयाना मांगे.” तिनं बारीक पिसं बाजूला करून दाखवलं, मग तिथं तोंड नेऊन “कुर्र” केलं आणि म्हणाली, “कंठीराम. गळामा कंठी शे त्याना.”

कुर्र झालं की नाव ठेवणारीच्या पाठीत बायकांनी बुक्के घालायचे असतात. मुलीनं पहिला घातला. मग बायकोनं. शेवटी आई पुढं झाली आणि तिनं घातलेला बुक्का चांगला जोराचा होता. इतक्या वर्षांत थट्टेनं कोणी बहिणीच्या पाठीला हात लावला नव्हता. ती हसत हसत खाली बसली.

“भाऊ, मन्हा मान?”

“काय देऊ?”

“एक रुपया. कमी मी घेवाव नही.”

“अवं, पाखरूच पाच आनानं शे!”

“पाखरूना भाव माले नको सांगू. फुईना सांग.”

“दी टाक रे,” आई म्हणाली. “फुई रुसनी ते बारसं पुरं व्हत नही.”

बंडीच्या खिशातून काढून मी चांदीचा एक रुपया, फुईचा मान म्हणून, माझ्या बहिणीच्या हातात दिला.